मुखत्यारपत्राचे गद्य : एजंट-रचनेच्या एका प्रारंभपाठाचे परीक्षण

संगणकीय साधनांबरोबर येणारे प्रारंभपाठ वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत घेण्याचा प्रघात नाही. ते उपयोगापुरते लेखन होय, काम साधले की बाजूला ठेवावयाचे, अशी समजूत रूढ आहे आणि आजवर ती फारशी चुकीचीही नव्हती. आज्ञावलीत यंत्रासाठी लिहिलेला भाग वेगळा व माणसासाठी लिहिलेली टीप वेगळी, हा भेद कित्येक दशके स्पष्ट होता. टीप नेटकी असो वा गबाळी, यंत्राच्या वर्तनात तिच्यामुळे काडीचाही फरक पडत नसे. गेल्या काही वर्षांत हा भेद एका ठिकाणी मोडला आहे. भाषाप्रतिमानांच्या आधारे 'एजंट' रचण्याचे जे मुक्तस्रोत संच उपलब्ध झाले आहेत, त्यांत साध्या गद्यात लिहिलेली सूचना हीच यंत्राची आज्ञा ठरते. आणि साधनाच्या माथ्यावरची टीप वाचूनच ते साधन केव्हा व कसे वापरावयाचे हे प्रतिमान ठरविते. गद्य हा येथे आज्ञावलीचा अवयव झाला आहे. असे असता, ते गद्य लिहावयास शिकविणारा पाठ गद्याचा पाठ म्हणून तपासणे अप्रस्तुत ठरू नये.

परीक्षणासाठी येथे ओपनएआय या संस्थेचा 'एजंट्स एसडीके' हा पायथन भाषेतील संच घेतला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'स्वार्म' या नावाने जो शैक्षणिक स्वरूपाचा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्याचीच ही मार्च २०२५ मध्ये आलेली सुधारित व प्रत्यक्ष वापरासाठी सिद्ध केलेली आवृत्ती होय. एमआयटी परवान्याखाली तो खुला असल्याने कोणासही वाचता, बदलता व वाटता येतो. त्याच्या आधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, 'लँगचेन' आला होता आणि मागोमाग एप्रिल २०२५ मध्ये गूगलचा संच आला. त्या सर्वांत प्रस्तुत संचाची परिभाषा सर्वांत आटोपशीर आहे व त्याचा प्रारंभपाठ चार-सहा पृष्ठांहून मोठा नाही. नवशिक्या विद्यार्थ्याच्या हाती प्रथम येण्याजोगा पाठ तो हाच.

यंत्रणा थोडक्यात अशी. एका 'एजंटा'स तीन गोष्टी द्यावयाच्या : नाव, सूचना आणि साधनांची यादी. साधन म्हणजे पायथनमधील एक साधे फल. एखादा उतारा शोधणारे, एखादा आकडा काढणारे, एखादा संदेश पाठविणारे. प्रश्न आला की चालक तो सूचनांसह प्रतिमानाकडे पाठवितो. प्रतिमान एक तर उत्तर देते, नाही तर 'अमुक साधन अमुक मजकुरासह चालवावे' असे कळविते. चालक ते साधन चालवितो, निष्पत्ती पुन्हा प्रतिमानापुढे ठेवतो, आणि अंतिम उत्तर हाती येईपर्यंत हा फेरा चालू राहतो. वेगळे काही सांगितले नसेल तर दहा फेऱ्यांनंतर संच काम थांबवितो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की प्रतिमान स्वतः काहीच करीत नाही; ते केवळ मागणी नोंदविते. कृती घडते ती रचनाकाराने लिहून दिलेल्या साधनातून. यापुढील सर्व विवेचनाचा पाया एवढाच आहे.

आता शब्दाकडे वळावे. 'एजंट' हा शब्द मराठीत नवा नाही, परंतु विमा, जमीन व प्रवास यांच्या व्यवहारांत फिरून त्याला जो रंग चढला आहे तो येथे अडचणीचा आहे. 'हस्तक' या शब्दात कटाचा वास येतो. शासकीय मराठीतील 'अभिकर्ता' निर्दोष असला तरी निर्जीव आहे. वस्तुतः मराठीइतकी या विषयाची समृद्ध शब्दसंपत्ती फार थोड्या भाषांत असेल. हेजीब, वकील, मुतालिक, कारभारी, गुमास्ता, अडत्या, मुकादम, मुखत्यार, हे सारे दुसऱ्याच्या वतीने वागणारे. तथापि प्रत्येकाच्या अधिकाराची मर्यादा वेगळी. हेजिबाने बोलावे, पण तह ठरवू नये. गुमास्त्याने दुकान चालवावे, पण ते विकू नये. मुतालिकाने धन्याच्या अनुपस्थितीत त्याचे पद सांभाळावे. व्याकरणाने याच नात्याकडे आणखी एका बाजूने पाहिले आहे. पाणिनीच्या मते स्वातंत्र्य हे कर्त्याचे लक्षण, आणि त्या कर्त्यास प्रवृत्त करणाऱ्या प्रयोजकालाही त्याने कर्ता हीच संज्ञा दिली. 'गडी शेत नांगरतो' आणि 'मालक गड्याकडून शेत नांगरवितो' या दोन वाक्यांत गडी नाहीसा होत नाही व मालकही सुटत नाही. यंत्रातील एजंट हा असा प्रयोज्य कर्ता होय. त्याला 'स्वायत्त' म्हणून गौरविणाऱ्या लेखनात प्रयोजकाचा लोप होतो, आणि तो लोप निरुपद्रवी नाही.

सर्व पर्यायांत 'मुखत्यार' हा शब्द विषयाला सर्वाधिक जवळचा वाटतो, कारण त्याच्यामागे एक लेखनप्रकार उभा आहे. सातारा जिल्ह्यातील मेढा हे वेण्णेच्या काठचे, जावळी तालुक्याचे ठाणे. या खोऱ्यातून मुंबईच्या बाजारांत माथाडी कामासाठी गेलेल्यांची संख्या मोठी आहे. आणि जेथे घरधनी मुंबईस व जमीन गावी, तेथे मुखत्यारपत्र ही वस्तू कोणास समजावून सांगावी लागत नाही. कुलमुखत्यारपत्र व खासमुखत्यारपत्र यांतला भेद, 'लिहून देणार' व 'लिहून घेणार' यांतला भेद, आणि 'विक्री करण्याचा अधिकार दिलेला नाही' या एका ओळीची किंमत, ही सर्व माहिती अशा कुटुंबांत व्यवहारातून आलेली असते. मुखत्यारपत्र लिहिणारा 'आपण एक हुशार व तत्पर गृहस्थ आहात' अशी सुरुवात करीत नाही. कोणत्या गटाच्या बाबतीत, कोणत्या कचेरीत, कोणती कृत्ये, हे तो मोजून लिहितो.

एजंट-रचनेचे प्रारंभपाठ मात्र नेमके गृहस्थाच्या वर्णनाने सुरू होतात. प्रस्तुत संचाच्या २०२५ मधील प्रारंभपाठात तीन पात्रे आहेत : गणिताचा शिक्षक, इतिहासाचा शिक्षक आणि विद्यार्थ्याचा प्रश्न ऐकून त्याला योग्य शिक्षकाकडे पाठविणारा तिसरा. या तिसऱ्याला दिलेले इंग्रजी नाव युद्धभूमीवरील जखमींची वर्गवारी करण्याच्या पद्धतीवरून घेतलेले आहे. मराठी मनुष्य त्याला चौकशीची खिडकी म्हणेल. शिक्षकांना दिलेल्या सूचना एक-दोन वाक्यांच्या आहेत. गणिताच्या शिक्षकाने पायऱ्या समजावून द्याव्यात, इतिहासाच्या शिक्षकाने घटना व संदर्भ स्पष्ट करावेत, इतकेच. जोडीला एक कठडा आहे : प्रश्न गृहपाठाचा नसेल तर काम थांबवावे. मग अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष कोण, असा प्रश्न विचारून हस्तांतर घडते हे दाखविले जाते, आणि पाठ जवळजवळ संपतो.

पाठ म्हणून याची हातोटी नाकारता येत नाही. अर्ध्या तासात विद्यार्थ्यापुढे काही तरी हलते-बोलते उभे राहते, आणि हलते-बोलते पाहिल्याशिवाय नव्या विषयात कोणी टिकत नाही. परंतु निवडलेले उदाहरण इतके सोपे आहे की ज्या अडचणीसाठी एजंट रचावयाचा ती अडचण त्यात येतच नाही. पहिल्या राष्ट्राध्यक्षाचे नाव प्रतिमानास पाठ आहे. शिक्षक, खिडकी व कठडा यांपैकी काहीही नसते तरी तेच उत्तर आले असते. त्याहून गंभीर बाब ही, की या इतिहास-शिक्षकाजवळ एकही साधन नाही. त्याच्यापुढे एकही कागद नाही. ज्या भाषेत विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध केली आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, त्या भाषेच्या वाचकाला साधनांवाचून इतिहास सांगणारा शिक्षक प्रारंभीचे उदाहरण म्हणून दिलेला पाहून आश्चर्य वाटावे. ('साधन' हा एकच शब्द इतिहासकाराच्या कागदपत्रांना आणि एजंटाच्या फलांना लागू पडावा, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.)

जावळीतीलच एक प्रश्न या शिक्षकापुढे ठेवून पाहावा. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजीमहाराज व अफजलखान यांची भेट झाली. भेटीपूर्वीची बोलणी दोन्ही बाजूंच्या वकिलांनी केली. त्यांपैकी पंताजी गोपीनाथ हा कोणाचा वकील? कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत खानाचा हेजीब कृष्णाजी भास्कर असून पंताजी हा महाराजांकडून गेलेला आहे. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासात मात्र पंताजी गोपीनाथ हाच खानाच्या पदरचा वकील म्हणून येतो आणि महाराज त्याला आपल्याकडे वळवितात. एकाच माणसाचा धनी दोन ग्रंथांत दोन! सभासदाने बखर लिहिली ती राजाराममहाराजांच्या आज्ञेने, जिंजीस, प्रसंगानंतर काही दशकांनी. ग्रँट डफ इंग्रजी अंमलाच्या आरंभी साताऱ्यास होता व छत्रपतींच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी म्हणून काम पाहत होता. म्हणजे हा इतिहासकारही स्वतः एक एजंटच. मराठी इतिहाससंशोधनाने सभासदाचे म्हणणे ग्राह्य धरले आहे. परंतु साधनावाचून बोलणाऱ्या शिक्षकाने दोहोंपैकी कोणते उत्तर द्यावे हे त्याच्या सूचनेवरून ठरत नाही. प्रतिमानाच्या वाचनात इंग्रजी मजकुराचा भरणा अधिक असतो, तेव्हा डफचे उत्तर ओघवत्या मराठीत आणि कोणताही संकोच न दर्शविता येणे अशक्य नाही. उत्तराची भाषा निर्दोष असेल आणि वकील मात्र शत्रूच्या गोटात गेलेला असेल. घटना व संदर्भ स्पष्ट करावेत, ही सूचना तर त्याने तंतोतंत पाळलेली असेल.

हाच शिक्षक मुखत्यारपत्राच्या पद्धतीने कसा रचावा? प्रथम साधने. सभासदाची बखर प्रकरणांत विभागून तीतील उतारा शोधून देणारे एक फल. ग्रँट डफच्या ग्रंथासाठी दुसरे. सातारा येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीसाने लिहिलेल्या बखरीसाठी तिसरे. हे सर्व ग्रंथ स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर गेलेले आहेत. प्रत्येक फलाने उताऱ्याबरोबर ग्रंथाचे नाव, प्रकरण व लेखनकाळ परत द्यावा. लिहिणारे, पुसणारे वा पाठविणारे एकही साधन या एजंटास देऊ नये. शोधणे एवढाच त्याचा अधिकार. मगच सूचना, आणि तीही कृत्यांची : उत्तरापूर्वी किमान दोन ग्रंथांत शोध घेतला पाहिजे, ग्रंथांत मतभेद आढळल्यास दोन्ही मते ग्रंथनामासह दिली पाहिजेत, उतारा न मिळाल्यास 'आधार आढळला नाही' एवढेच लिहिले पाहिजे. असे केल्याने चूक अशक्य होते असे नव्हे. प्रतिमान उताऱ्याचा अर्थ चुकीचा लावू शकते, आणि एकाच प्रश्नाला दोनदा दोन उत्तरेही देऊ शकते. म्हणून ज्यांची उत्तरे जाणकाराने आधीच ठरवून ठेवली आहेत अशा वीस-पंचवीस प्रश्नांची यादी करून, सूचनेतला एक शब्द बदलला तरी ती पुन्हा चालवून पाहणे आवश्यक ठरते. प्रारंभपाठ फेऱ्यांचा मागोवा पाहण्यास सांगतो, परंतु अशा प्रश्नयादीविषयी मौन पाळतो. नवशिक्याला याच गोष्टीची गरज अधिक आहे.

या टप्प्यावर मराठी गद्याचा प्रश्न उभा राहतो. वरील सूचनांत 'घ्यावा', 'द्यावीत' अशी रूपे हेतुतः टाळली आहेत. मराठी विध्यर्थ हा मोठा सभ्य पण संदिग्ध प्रकार आहे. 'विचारावे' या एका रूपात आज्ञा, उपदेश, इच्छा व शक्यता असे अनेक अर्थ सामावतात. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून अभ्यासक या अर्थच्छटा वेगळ्या करीत आले आहेत. माणूस प्रसंगावरून अर्थ ओळखतो; यंत्रास दिलेल्या सूचनेत प्रसंग लिहावा तेवढाच असतो. कायद्याच्या मराठीने ही अडचण पूर्वीच सोडविली आहे. तेथे बंधनासाठी 'करील', मुभेसाठी 'करता येईल' व निषेधासाठी 'करणार नाही' अशी रूपे योजिली जातात. दुसरा धोका कर्त्याच्या लोपाचा. 'शंका आल्यास कळवावे' हे वाक्य कचेरीत खपते. परंतु शंका कोणास, कळवावयाचे कोणी व कोणास, हे तिन्ही त्यात अध्याहृत आहे. एजंटासाठी लिहिणाऱ्याने अध्याहारावर विसंबणे म्हणजे कोऱ्या मुखत्यारपत्रावर सही करणे होय.

पुष्कळ विद्यार्थी ही अडचण टाळण्यासाठी सूचना इंग्रजीत ठेवतात व केवळ उत्तर मराठीत मागतात. त्याला खर्चाचेही कारण दिले जाते. प्रतिमान मजकुराचे तुकडे करून वाचते व आकारणी तुकड्यांवर होते. देवनागरी मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. तथापि हा फरक झपाट्याने कमी होत आहे. मे २०२४ मध्ये ओपनएआयने नव्या विभाजनपद्धतीचे जे नमुने प्रसिद्ध केले त्यांत एका मराठी वाक्याचे तुकडे ९६ वरून ३३ वर आले. त्याच आशयाच्या इंग्रजी वाक्याचे २४ होते. चौपटीचा भुर्दंड दीडपटीच्या आत आला असता केवळ काटकसरीसाठी मराठी सोडणे समर्थनीय वाटत नाही. ज्या भाषेत रचनाकाराला आपल्या सूचनेतील संदिग्धता चटकन दिसते, त्या भाषेत ती लिहिणे श्रेयस्कर. मेढ्याच्या विद्यार्थ्याला ती मराठीत अधिक दिसेल.

परंतु संच मराठीला कितपत जागा देतो? येथे परीक्षकाला थोडे कडक व्हावे लागेल. पायथन भाषा २००८ पासून देवनागरी अक्षरांतील नावे स्वीकारते. 'उतारा_शोध' नावाचे फल ती विनातक्रार चालविते. तेच फल एजंटाचे साधन म्हणून पुढे गेले की ओपनएआयची सेवा ते नाकारते, कारण साधनाच्या नावात रोमन अक्षरे, अंक, अधोरेषा व संयोगचिन्ह यांखेरीज काही चालत नाही. हा नकार उघड असल्याने निदान कळतो तरी. हस्तांतराच्या बाबतीत घडते ते अधिक खेदजनक आहे. एजंटाच्या नावावरून संच 'ट्रान्सफर_टू_' या उपसर्गासह एक साधननाम स्वतःच तयार करतो, आणि ते करताना रोमन अक्षरे व अंक सोडून प्रत्येक चिन्हाच्या जागी अधोरेषा घालतो. 'गणित' या शब्दात काना-मात्रांसह चार चिन्हे. 'भाषा' या शब्दातही चार. २०२५ मधील आवृत्तीच्या या नियमाने 'गणित' व 'भाषा' हे दोन्ही शिक्षक 'ट्रान्सफर_टू_' आणि पुढे चार अधोरेषा अशा एकाच नावाचे धनी होतात. चौकशीच्या खिडकीवरच्या दोन पाट्या पुसून दोहोंवर तेवढ्याच लांबीची रेघ ओढावी, तसा हा प्रकार. यावर उपाय आहे. हस्तांतराचे नाव रोमन लिपीत स्वतंत्रपणे देण्याची सोय संचात आहे व त्याचे वर्णन मराठीत लिहिता येते. परंतु सर्व उदाहरणे इंग्रजी असलेल्या प्रारंभपाठात त्याची गरजच उद्भवत नाही, म्हणून ती सांगितलीही जात नाही. साधनाच्या टिपेचेही असेच आहे. टीप मराठीत लिहिली तरी साधनास द्यावयाच्या मजकुराचे वर्णन संचाने ओळखावे म्हणून त्यावरील मथळा इंग्रजीच ठेवावा लागतो.

रोमन लिपीची सक्ती नावांपुरती राहते असेही नाही. ती मजकुरात झिरपते. साधनास गावाचे नाव रोमन लिपीत द्यावयाचे ठरविले की 'मेढा' व 'मेधा' एकरूप होतात, एक गाव आणि दुसरे मुलीचे नाव. तालुक्याचे इंग्रजी कागदपत्रांतील रूप 'जाओली', व्यवहारात 'जावली' व 'जावळी'. साताऱ्याची वेण्णा आणि विदर्भातील वेणा यांतील द्वित्व रोमन लेखनात राहील याची हमी नाही. 'स्थळ' एवढीच टीप लिहिलेल्या साधनापेक्षा 'गावाचे देवनागरी नाव, तालुका व जिल्ह्यासह. उदाहरणार्थ मेढा, जावळी, सातारा' अशी टीप लिहिलेले साधन चुका किती टाळते हे कोणीही एका दुपारी पडताळून पाहू शकेल. चांगल्या टिपेची जी कसोटी कोशकाराला ठाऊक आहे, तीच येथे लागू पडते.

हस्तांतराच्या मूळ कल्पनेविषयीही काही बोलणे प्राप्त आहे. संचात एक एजंट दुसऱ्याकडून काम दोन प्रकारे करवून घेतो. हस्तांतरात संभाषण सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती जाते व पहिला बाजूला होतो. दुसऱ्या प्रकारात एक एजंट दुसऱ्याला साधन म्हणून वापरतो. उत्तर ऐकतो, पण धन्याशी बोलणे स्वतःकडेच ठेवतो. प्रारंभपाठ पहिला प्रकार सहजपणे पुढे करतो, जणू दोहोंत सोयीचाच काय तो फरक. १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमाच्या दहाव्या प्रकरणात नेमका हाच भेद करून ठेवलेला आहे. जे कृत्य स्वतः करण्याचे अभिकर्त्याने स्वीकारले ते त्याने सामान्यतः दुसऱ्यावर सोपवू नये, असे कलम १९० चे तात्पर्य. मूळ अभिकर्त्याच्या नियंत्रणाखाली काम करणारा तो उप-अभिकर्ता, असे कलम १९१. आणि धन्याच्या संमतीने ज्याला नेमून दिले तो उप-अभिकर्ता नसून त्या कामापुरता धन्याचाच अभिकर्ता, असे कलम १९४. साधन म्हणून वापरलेला एजंट हा उप-अभिकर्ता होय. हस्तांतराने आलेला एजंट कलम १९४ मधला. दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा हातात घेऊन नव्या संचातील दोन फलांमधला फरक इतका स्वच्छ समजावा, ही गोष्ट विधी व भाषा या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी मनावर घेण्याजोगी आहे. धन्याची संमती कोठे घेतली, हा प्रश्न कायदा विचारतो. प्रारंभपाठ विचारीत नाही.

कठड्यांविषयी पाठाचा सूर अवास्तव आश्वासक आहे. येणाऱ्या प्रश्नावरील कठडा, वेगळे सांगितले नसल्यास, एजंटाच्या बरोबरीने चालतो. कठडा 'थांबा' म्हणेपर्यंत एजंटाने एखादे साधन चालविलेलेही असू शकते. शिवाय हा कठडा साखळीतल्या पहिल्याच एजंटाला लागू होतो, आणि उत्तरावरील कठडा शेवटच्याच. मधल्यांवर पहारा ठेवावयाचा तर तो साधनांतच ठेवावा लागतो. याहून खोल अडचण आहे ती मजकुरातून शिरणाऱ्या आज्ञेची, जिला सायमन विलिसन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये नाव दिले व जी आजही पुरती सुटलेली नाही. साधनाने आणलेल्या उताऱ्यात कोणी 'यापूर्वीच्या सूचना सोडून द्याव्यात' असे लिहून ठेवले तर प्रतिमान त्यालाच सूचना समजण्याचा संभव असतो; कारण धन्याची आज्ञा व परका मजकूर दोन्ही त्याच्यापुढे शब्दांच्याच रूपाने येतात. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस मोर्तबाची मुद्रा असे. मजकूर येथे संपला, याच्या खाली कोणी काही जोडले तर ते धन्याचे नव्हे, हा तिचा अर्थ. प्रतिमानाच्या वाचनाला असे निर्णायक मोर्तब अद्याप सापडलेले नाही. म्हणूनच अधिकाराची मर्यादा सूचनेतील निषेधवाक्यावर न सोडता साधनांच्या यादीतच घालावी लागते. ज्याच्याजवळ पाठविण्याचे साधनच नाही, त्याला कितीही फसविले तरी तो पाठविणार नाही.

मागोव्याची बाब लहान दिसते, पण तालुक्याच्या गावी बसून प्रत्यक्ष माणसांची माहिती हाताळणाऱ्याला ती लहान नाही. संच प्रत्येक फेरीची नोंद ठेवतो, आणि वेगळी व्यवस्था न केल्यास ती ओपनएआयच्या संगणकांकडे जाते. तीत प्रश्न, उत्तरे व साधनांतून गेलेला मजकूर यांचा समावेश असू शकतो. ही नोंद बंद करण्याची किंवा तीतून मजकूर वगळण्याची सोय आहे. बखरीच्या उताऱ्यांसाठी तिची गरज नाही. सातबाऱ्यावरील नावे, आजाराची माहिती वा अर्जातील मजकूर यांसाठी मात्र पहिल्याच ओळीत तिची गरज आहे, आणि पहिला पाठ तिथे तिचा उल्लेख करीत नाही.

'मुक्तस्रोत' या विशेषणाची व्याप्तीही नेमकी ओळखली पाहिजे. खुला आहे तो संच. त्याच्या मागचे प्रतिमान सामान्यतः भाड्याचे असते. खुल्या वजनांचे प्रतिमान स्वतःच्या संगणकावर चालवून त्याला हा संच जोडता येतो, आणि मागोव्याचा प्रश्न त्याने बराचसा मिटतो. परंतु त्यासाठी लागणारे यंत्र व त्या प्रतिमानाचे मराठी, दोन्ही आधी पारखून घ्यावी लागतात. तरीही संच खुला असल्याचा लाभ खरा आहे. 'गणित' व 'भाषा' यांच्या पाट्या पुसणारा नियम मूळ आज्ञावलीत तीन-चार ओळींचा आहे, आणि तो वाचता आला म्हणूनच वर त्याची चर्चा करता आली. त्या ओळींत देवनागरी नावांना वेगवेगळी रोमन रूपे देणारी दुरुस्ती सुचविण्यास परवान्याची आडकाठी नाही. आडकाठी असलीच तर एवढीच, की 'ढ' आणि 'ध' यांना वेगळे ठेवणारी लिप्यंतरपद्धती कोणती घ्यावी हे आधी ठरवावे लागेल.